अंगणाचा उतार

पावसाळा सुरू झाला की आमच्या शाळेतली सहावीची मुले घेऊन मी पाणचक्कीला जाते. मुलांना भिंतीवरून हौदात कोसळणारे पाणी आवडते. मला आवडते ते हौदाखालचे दालन. वर भरलेला लांबरुंद हौद, आणि त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत, जाड खांबांवर तोललेले.

तीन वर्षांपूर्वी तिथे एका मुलाने छताकडे बघत विचारले, "टीचर, ऊपर इतना पानी है, तो ये छत टपकती क्यूं नहीं?" मी सांगितले, दगड चांगला, चुना चांगला, आणि मुख्य म्हणजे पाण्याला बाहेर जायला वाट ठेवलेली आहे. तो म्हणाला, "हमारे घर की तो टपकती." सगळी मुले हसली. मला हसू आले नाही. त्याच आठवड्यात माझ्या घरातल्या भिंतीचे पडलेले पोपडे मी रोज सकाळी केरसुणीने गोळा करत होते.

पाणचक्कीचे पाणी कुठून येते हे मुलांना समजावणे सोपे नाही. त्यांना वाटते, कुठेतरी मोटार असेल. मोटार नाही. शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांतल्या झऱ्याचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलेले आहे. झरा वर आणि चक्की खाली, एवढ्या एका गोष्टीवर सगळे चालते. शेवटी ते भिंतीतून वर चढते आणि उंचावरून पडते, तेही झरा त्या भिंतीपेक्षा उंच आहे म्हणूनच. त्या जोरावर जाते फिरत असे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या मुसाफिरांसाठी, तालिबे-इल्मांसाठी पीठ निघत असे.

त्याच्याही आधी मलिक अंबरने हे केले होते. आजच्या इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता वजीर झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकीला हे शहर वसवले. खडकी, म्हणजे नावातच खडक. त्याने डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणले. नहर-ए-अंबरीबद्दल आपण अभिमानाने बोलतो, पण ती खोदताना उताराचा केवढा हिशेब करावा लागला असेल याचा विचार मी कधी केला नव्हता. उतार कमी पडला तर गाळ साचतो, जास्त झाला तर पाणी तळ खरवडून काढते. पुढे मुलगा फतेहखानाच्या नावावरून शहराचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. चार नावे झाली. जमिनीचा कल मात्र तोच आहे, आणि आमच्या भागात तो खाम नदीकडे आहे. आमची गल्ली त्या उताराच्या साधारण मध्यावर येते. आमच्या वरच्या बाजूला घरे आहेत, खालच्या बाजूलाही आहेत. या लेखातली सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, पण ते समजायला मला बराच वेळ लागला.

माझे माहेर खेड्यातले, धाब्याच्या घराचे. मराठवाड्यातल्या वाचकांना धाबे सांगायला नको. भिंतींवर लाकडी तुळया, त्यावर किलच, त्यावर मातीचा जाड थर. ती माती शेतातली काळी नसे, गावठाणाची पांढरी असे. काळी पिकासाठी आणि पांढरी घरासाठी, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जातो. तिच्यावर घर उभे केले तर घरही तिच्याबरोबर वरखाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरकी चीर जाते. मृग लागायच्या आधी दादी धाब्यावर नवी पांढरी टाकून घ्यायची, धुमसाने चोपून घ्यायची. मग तांब्याभर पाणी मध्यभागी ओतून ते पन्हाळाकडे जाते का ते बघायची. पाणी मध्येच थबकले तर तेवढी जागा पुन्हा चोपायची. बी.एड.ला आम्हाला पडताळणी, मूल्यमापन असे बरेच शब्द शिकवले. दादीचा तांब्या त्या सगळ्यांत बसतो.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा इथेही अंगण कच्चेच होते. घर दगडाचे, चुन्यातले, जोते चांगले दीड फूट उंच. सासरे, म्हणजे अब्बाजी, दर उन्हाळ्यात दोन गाडे मुरूम आणवायचे आणि भिंतीच्या बाजूला जास्त, फाटकाच्या बाजूला कमी असा पसरवून घ्यायचे. मला तो जुन्या माणसांचा छंद वाटायचा. अब्बाजींचा इंतकाल झाला आणि मुरूम बंद झाला. त्यानंतर भिंतीला लागून ड्रेनेजचा पाइप टाकायला चर खणला गेला, तो घाईघाईने बुजवला, आणि वर आम्ही छान शहाबादी फरशी बसवून घेतली. ईदच्या आधी काम पूर्ण झाले. येणारा प्रत्येकजण म्हणाला, "माशाअल्लाह, कितना साफ लगता."

बुजवलेला चर कधीच लगेच बसत नाही. नुसती माती लोटून दिली तर ती एकदोन पावसाळ्यांत हळूहळू दबते. थर टाकून, पाणी मारून, चोपून बुजवायला हवी होती, ते झाले नाही. भिंतीलगतच्या फरश्या बोटभर खचल्या. डोळ्याला काही दिसत नव्हते. पण अंगणाचा उतार उलटा झाला होता, बाहेरच्या ऐवजी घराकडे. त्यात वुजूचा नळही त्याच भिंतीजवळ, म्हणजे पावसाळा नसला तरी दिवसातून पाच वेळा पाणी. दोन वर्षांत भिंतीला लोणा लागला. आतल्या खोलीत हातभर उंचीपर्यंत पांढरी खार फुटली. यांनी तिच्यावर ऑइलपेंट मारून घेतला. ती आमची दुसरी चूक. जुन्या चुन्याच्या भिंतीला आत आलेली ओल बाहेर सोडायची असते, आपण तिचे तोंड बंद केले की ती आणखी वर चढते. ओल कपाटापर्यंत पोहोचली. त्या कपाटात अब्बाजींची उर्दू पुस्तके होती. एक दिवस कुरआन शरीफचा जुजदान काढला तर त्याला बुरशीचा वास येत होता. मी तो उन्हात धरला आणि मला रडू आले.

मग मिस्त्री बोलावला. त्याने अंगणात बादलीभर पाणी ओतले आणि मला हाताने दाखवले: पाणी सरळ भिंतीला जाऊन टेकले. कुठल्याही घरात ओल आली तर रंगवाल्याला बोलवण्याआधी हे एक काम जरूर करावे, एक बादली पाणी आणि पाच मिनिटे. मिस्त्री म्हणाला, फरशी उखडा, चर पुन्हा चोपा, वर काँक्रीट करू आणि सगळा उतार गल्लीकडे देऊ. त्याने पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवली, भिंतीवर आणि फाटकावर खुणा केल्या. आमचे अंगण भिंतीपासून फाटकापर्यंत बारा फूट आहे. दर चार फुटांना एक इंच याप्रमाणे तीन इंच उतार दिला. पक्क्या जमिनीला एवढा पुरतो, चालताना जाणवतही नाही. कच्ची माती असेल तर याच्या दुप्पट-अडीचपट हवा, कारण माती दबते आणि पाणी तिच्यावर रेंगाळते. वुजूचा नळ फाटकाजवळ नेला. भिंतीवरचा ऑइलपेंट आणि सिमेंटचा गिलावा खरवडून टाकला आणि भिंत तशीच उघडी वाळू दिली.

पहिला मोठा पाऊस रात्री आला. मी आणि हे दाराशी उभे राहून बघत होतो. पाणी घरंगळत फाटकाकडे जात होते आणि फाटकाखालून बाहेर. भिंतीलगतची फरशी पाऊस थांबल्यावर पंधरा मिनिटांत कोरडी. आम्ही शुक्र अदा केला आणि झोपलो.

सकाळी शाळेत निघाले तर समोरच्या खालांच्या दारात गोणपाटे रचलेली. खाला एकट्या असतात, नातू त्यांच्याकडे शिकायला आहे. त्यांचे घर गल्लीच्या खालच्या बाजूला, आणि त्यांचा उंबरा रस्त्यापेक्षा खाली. पूर्वी तसा नव्हता. दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावर नवा थर पडतो, जुना कुणी खोदून काढत नाही, आणि बघता बघता घरे खड्ड्यात जातात. जुन्या शहरात अशी घरे गल्लोगल्ली दिसतील. मी विचारले, "खाला, काय झाले?" त्या म्हणाल्या, "कुछ नहीं बेटा, जरा पानी आ गया था." जरा म्हणजे काय ते नातवाकडून संध्याकाळी कळले. पलंगाच्या पायांखाली विटा, गव्हाचा डबा ओला, त्याची दहावीची दोन पुस्तके भिजलेली. आणि आधी इतके पाणी कधी येत नव्हते, हे तो मुलगा अदबीने बोलला नाही. मला ते बोलायची गरजही नव्हती.

मी हिशेब केला. आमचे छप्पर आणि अंगण मिळून नऊशे चौरस फूट. त्यावर एक इंच पाऊस पडला तर दोन हजार लिटरच्या वर पाणी होते. आमच्या गच्चीवर हजार लिटरच्या दोन टाक्या आहेत, त्या पूर्ण भरून फाटकातून ओतून द्याव्यात एवढे. आधी त्यातले बरेचसे मुरुमात आणि फरश्यांच्या सांध्यांत मुरत होते, उरलेले आमच्याच भिंतीत. आता सगळेच्या सगळे तासाभरात खालांच्या दाराशी. ज्या शहरात आपण नळाला पाणी कधी येणार म्हणून दिवस मोजतो, जिथे पैठणच्या जायकवाडीतून पंपांनी चढवून पाणी आणावे लागते, तिथे आम्ही दोन हजार लिटर पाणी शेजाऱ्याच्या घरात ढकलत होतो. त्यासाठी पैसे मोजले होते, आणि दुसऱ्या दिवशी शेजारपाजाऱ्यांना दाखवलेही होते.

त्या रात्री मला हजरत अब्बास (रजि.) यांच्या पन्हाळाची गोष्ट आठवली. मस्जिदीच्या वाटेवर त्यांच्या घराचे पन्हाळ होते. एका शुक्रवारी हजरत उमर (रजि.) स्वच्छ कपडे घालून नमाजला निघाले होते, आणि त्या पन्हाळातून कापलेल्या कोंबड्यांचे रक्त मिसळलेले पाणी त्यांच्या अंगावर पडले. त्यांनी पन्हाळ काढून टाकायला लावले. नंतर हजरत अब्बास (रजि.) यांनी सांगितले की ते प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः तिथे बसवले होते. तेव्हा खलिफांनी आग्रह धरला की तुम्ही माझ्या पाठीवर उभे राहा आणि ते होते तिथे परत लावा. लहानपणापासून ही गोष्ट मी खलिफांच्या नम्रतेची म्हणून ऐकली, मुलांनाही तशीच सांगितली. ती एका पन्हाळाची गोष्ट आहे, हे त्या रात्री प्रथम लक्षात आले. आपल्या छपराचे पाणी वाटसरूच्या अंगावर पडत असेल तर त्याची दखल राज्यकर्त्याने घ्यायची, आणि आपला निर्णय घाईचा ठरला तर पाठ वाकवून तो दुरुस्तही करायचा.

बुखारी शरीफमध्ये हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारी सहाबींचा पाटाच्या पाण्याचा वाद आहे. जुबैरांची बाग वर, दुसऱ्याची खाली. प्रेषितांचा पहिला सल्ला असा की वरच्याने आपल्यापुरते भिजवून घ्यावे आणि पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. तिथे शेजाऱ्याला पाणी हवे होते, आमच्याकडे नको होते. पण वर राहणाऱ्याची जबाबदारी त्याच्या कुंपणाशी संपत नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, हजहून आल्या तेव्हा त्यांनी शाजरवानबद्दल सांगितले होते. काबागृहाच्या भिंतींच्या पायथ्याशी संगमरवराची उतरती कड आहे, जिच्यात गिलाफ बांधायच्या कड्या आहेत, तीच. पावसाचे पाणी पायात मुरू नये म्हणून ती आहे. मक्का दरीत वसलेली, चारी बाजूंच्या डोंगरांचे पाणी हरम शरीफकडे येते. १६३० च्या पुरात तर काबागृहाच्या भिंती ढासळल्या आणि सुलतान चौथा मुराद याच्या काळात त्या नव्याने बांधाव्या लागल्या. १९४१ च्या पुरात मताफमध्ये इतके पाणी होते की लोकांनी पोहत तवाफ केल्याच्या आठवणी आणि छायाचित्रे आहेत. अल्लाहच्या घरालाही उताराची काळजी घ्यावी लागते, असे अम्मी म्हणाल्या होत्या. तेव्हा मी भाजी निवडत होते आणि फक्त हो म्हटले होते.

मिस्त्रीला पुन्हा बोलावले. तो नाराज झाला, काम तर बरोबर झाले होते. "पानी बाहर गया ना मैडम?" मी म्हटले, बाहेर गेले हीच अडचण आहे. त्याने बरीच कारणे सांगितली, गल्लीतले सगळेच असे करतात हेही सांगितले, आणि ते खरेच आहे. शेवटी भिंतीपासूनचा उतार तसाच ठेवून फाटकाच्या अलीकडे एक आडवी नाली खोदली, वर लोखंडी जाळी. नाली कोपऱ्यातल्या शोषखड्ड्यात सोडली. खड्डा आमच्या भिंतीपासून दहा फुटांवर, कारण भिंतीजवळ घेतला तर ओल पुन्हा घरातच येते. वरची तीन फूट काळी माती होती. तिच्यात खड्डा करून थांबलो असतो तर ते नुसते डबके झाले असते, काळी माती एकदा फुगली की पाणी पुढे जाऊ देत नाही. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खोदले. तळाशी मोठे दगड, वर लहान, वर खडी, आणि नालीच्या तोंडाशी गाळ अडवायला एक लहान टाके. छपराचे पन्हाळ मात्र शोषखड्ड्यात न सोडता एका पिंपात घेतले. पिंप भरले की मगच पाणी नालीत जाते. त्या पाण्याने कपडे धुतो, झाडांना घालतो.

हे सगळे झाले म्हणजे खालांचे घर वाचले असे नाही. जोराच्या पावसात आमचा शोषखड्डा भरतो आणि थोडे पाणी फाटकाबाहेर जातेच. शिवाय वरच्या बारा घरांचे पाणी आहेच, आणि त्या घरांना मी काय सांगणार, कालपर्यंत मीही त्यातलीच होते. तरी दोघांनी येऊन आमची नाली पाहिली, एकाने तशीच करून घेतली. दुसऱ्याने खर्च विचारला आणि हसून निघून गेला. खालांची माफी मागायला गेले तेव्हा त्यांनी मला बोलू दिले नाही, चहा ठेवला. मग म्हणाल्या, "पानी को क्या मालूम किसका घर है. हमको मालूम होना." नातवाची पुस्तके मी शाळेतून आणून दिली. तो पास झाला, अलहमदुलिल्लाह.

आमची भिंत वाळायला दोन उन्हाळे लागले. यंदा तिला चुन्याचा गिलावा केला, रंग नाही. अब्बाजींची काही पुस्तके वाचली, काहींची पाने अशी चिकटली की सोडवता आली नाहीत. ती मी कापडात बांधून माळ्यावर ठेवली आहेत, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

आता आमच्या गल्लीत पुन्हा रस्ता होणार असल्याची बातमी आहे. मागच्या रविवारी मी खडू आणि मिस्त्रीसारखी पाण्याची नळी घेऊन प्रत्येक दारावर आजच्या रस्त्याची पातळी रेघून आले. मुलांची गर्दी मागे. खालांच्या चौकटीवर रेघ उंबऱ्यापेक्षा पाच बोटे वर आली. अजून एक थर पडला तर किती, हे सांगायला गणित लागत नाही. गल्लीतल्या लोकांचा अर्ज मी मराठीत लिहिला: आधी जुना थर खोदा, मग नवा टाका, आणि उतार मध्यभागी नालीकडे द्या, घरांकडे नको. चौदा घरांच्या सह्या झाल्या. खालांनी चष्मा शोधला, उर्दूत सही केली आणि विचारले, "वहाँ उर्दू पढनेवाला कोई है क्या?"

मी म्हटले, अर्ज मी स्वतः घेऊन जाणार आहे.